धान्याला वारा घालण्याचा शोध

मोड येणारा दाणा श्वास घेतो आणि तापतो. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, करणाऱ्याची सगळी लढाई या उष्णतेशी. भिजलेल्या बार्लीत 45 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ती फरशीवर पातळ थरात पसरायची आणि लाकडी फावड्यांनी दिवसरात्र उलटायची. थर जाड झाला की आतला दाणा गुदमरतो, मुळ्या एकमेकींत गुंततात, बुरशी धरते. म्हणून युरोपात हे काम थंडीपुरतंच चाले.

1833 साली पायेन आणि पेर्सो या रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून डायस्टेज वेगळं काढलं. पिष्टाची साखर कोण करतं ते समजलं, पण कामाची जागा तीच राहिली: फरशी, फावडं, हिवाळा.

1870च्या दशकात फ्रान्समध्ये निकोला गालां यांनी प्रश्नच उलटा केला. धान्य हवेत पसरण्याऐवजी हवाच धान्यातून का नेऊ नये? त्यांनी जाळीदार तळावर जाड थर रचला आणि पंख्याच्या जोरावर त्यातून वारा नेला. पण साधा वारा घातक! तो उष्णता नेतो, तशीच ओलही नेतो, आणि सुकलेला मोड तिथेच थांबतो. म्हणून हवा आधी पाण्यानं भिजवायची. पाण्याची वाफ होताना हवा गार होते आणि ओलीही राहते. एकाच पाण्यानं दोन कामं साधली. मला या शोधात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

मुळ्यांचा गुंता मात्र उरला. तो सोडवला सॅलाडिन या अभियंत्यानं. लांब हौदावरून सरकत जाणारे उभे फिरते स्क्रू तळचं धान्य वर आणत, गुंता मोकळा करत. फूट-दोन फूट, त्याहूनही जाड थर त्यामुळे शक्य झाला. तो हौद आजही सॅलाडिन बॉक्स म्हणूनच ओळखला जातो.

आमच्या कन्हानमध्ये पाण्यानं हवा गार करण्याचं हे तत्त्व घरोघरी आहे. मे महिन्यात 45 अंशांची कोरडी हवा चांगला कूलर 26 अंशांच्या आसपास आणतो. बार्लीला ते पुरत नाही. तिला 15 ते 18 अंश लागतात, म्हणजे शीतयंत्र आलंच. पण ज्वारीला 25 ते 30 अंशांत उत्तम मोड येतात. आपल्या भागात ज्याला माल्ट करायचं आहे त्यानं ज्वारीकडे पाहावं, असं माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात जाळीदार तळ, पंखा आणि ओली हवा एवढ्यावर निभाव लागू शकतो. पावसाळ्यात नाही, कारण दमट हवेत पाणी फारसं उडत नाही. धान्य ढवळणं मात्र बाराही महिने चुकत नाही.

एक काळजी घ्याच. ज्वारीच्या कोंबांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. माल्ट नीट वाळवून कोंब आणि मुळ्या चोळून काढल्याशिवाय त्याचं पीठ करू नका.