व्हिओलेत्ताचे तीन आवाज

व्हेर्दीच्या ‘ला त्राव्हियाता’ची गोष्ट चार वाक्यांत सांगून होते. पण त्यातली नायिका कोण आहे, हे तिच्या गाण्यातून कळते.

६ मार्च १८५३. व्हेनिसच्या ला फेनीचे नाट्यगृहात जुझेप्पे व्हेर्दीचा नवा ऑपेरा ‘ला त्राव्हियाता’ पहिल्यांदा सादर झाला आणि पडला. पहिल्या अंकाला टाळ्या मिळाल्या, पुढे मात्र प्रयोग घसरत गेला. नायिका क्षयाने खंगून मरते आणि ती भूमिका करणारी फान्नी साल्विनी-दोनातेल्ली अंगाने भरलेली होती, त्यामुळे शेवटच्या अंकात प्रेक्षक हसले असे सांगतात. प्रयोग साफ पडला, दोष माझा की गायकांचा हे काळच ठरवील, असे व्हेर्दीने दुसऱ्याच दिवशी कळवले. काळाने निकाल द्यायला चौदा महिने घेतले. काही दुरुस्त्या करून ६ मे १८५४ रोजी त्याच शहरातल्या सान बेनेदेत्तो नाट्यगृहात मारिया स्पेत्सियाला नायिका म्हणून उभे केले, आणि ऑपेरा लोकांनी डोक्यावर घेतला. आज जगात सर्वाधिक होणाऱ्या ऑपेरांमध्ये त्याची गणना होते.

गोष्ट साधी आहे. व्हिओलेत्ता ही पॅरिसमधल्या श्रीमंतांच्या आश्रयाने राहणारी गणिका. आल्फ्रेदो नावाचा तरुण तिच्यावर मनापासून प्रेम करतो आणि ती सगळे सोडून त्याच्याबरोबर गावाकडे राहू लागते. त्याचे वडील येतात, घराण्याच्या अब्रूसाठी तिने बाजूला व्हावे अशी मागणी करतात आणि ती कारण न सांगता निघून जाते. खरे काय ते आल्फ्रेदोला कळते, तेव्हा ती मरणाच्या दारात असते.

खरी बाई, खरा समाज

या कथेमागे एक खरी बाई होती. मारी द्युप्लेसी १८४७ मध्ये पॅरिसमध्ये क्षयाने वारली, तेव्हा ती अवघी तेवीस वर्षांची होती. तिच्या प्रेमात पडलेल्या धाकट्या आलेक्सांद्र द्युमाने पुढच्याच वर्षी तिच्यावरून कादंबरी लिहिली. त्या कादंबरीचे नाटक फेब्रुवारी १८५२ मध्ये पॅरिसमध्ये रंगमंचावर आले. त्या हिवाळ्यात व्हेर्दी पॅरिसमध्येच होता. वर्षभरात फ्रान्चेस्को मारिया पियावेने संहिता लिहिली आणि व्हेर्दीने तिला संगीत दिले.

हा विषय त्याला परका नव्हता. पहिली बायको आणि दोन्ही मुले त्याने अवघ्या दोन वर्षांत गमावली होती. पुढे जुझेप्पिना स्त्रेप्पोनी ही नामवंत गायिका त्याच्या आयुष्यात आली. तिला विवाहबाह्य मुले होती आणि व्हेर्दीशी तिचे लग्न थेट १८५९ मध्ये झाले. बुसेत्तोसारख्या लहान गावात दोघे एकत्र राहत, तेव्हा लोक तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहत हे तो रोज अनुभवत होता. ‘ला त्राव्हियाता’ हे त्याचे आत्मचरित्र नव्हे. पण बाईचा निवाडा करणारा समाज त्याने घरात बसून पाहिला होता, आणि ते या संगीतात जाणवते.

म्हणूनच पात्रांनी त्या काळचेच कपडे घालावेत, असा त्याचा आग्रह होता. प्रेक्षागृहात बसलेल्यांनी रंगमंचावर स्वतःला पाहावे हा त्यामागचा हेतू. तो आग्रह मान्य झाला नाही. कथा दीडशे वर्षे मागे, १७०० च्या सुमाराला ढकलली गेली. ऑपेरात राजे आणि देवदेवता चालत होत्या, शेजारच्या गल्लीतली बाई चालत नव्हती.

तान, शब्द, बोलणे

आपल्या संगीत नाटकात संवाद बोलले जातात आणि भावना उचंबळली की पद येते. ‘ला त्राव्हियाता’मध्ये निरोप, भांडण, डॉक्टरचा सल्ला, जवळजवळ सगळेच गायले जाते. मग भावनेचा चढउतार दाखवायचा कसा? व्हेर्दीने तो गाण्याच्या जातीत दाखवला. व्हिओलेत्तासाठी तीन वेगवेगळ्या सोप्रानो (उंच पट्टीच्या गायिका) लागतात, असे ऑपेराच्या जगात म्हणतात ते यामुळेच.

पहिल्या अंकात मेजवानी संपते आणि ती एकटी उरते. हे खरे प्रेम असेल का, असे ती संथ स्वरात स्वतःला विचारते आणि आल्फ्रेदोची चाल नकळत तिच्या तोंडी येते. लगेच ती स्वतःला झटकते. मी मुक्तच राहणार, असे म्हणत तानांवर ताना घेत सुटते, थेट तार सप्तकात चढते. बाहेरून आल्फ्रेदोचा आवाज येतो, त्यालाही ती तानांनीच उत्तर देते. हा आनंद नाही. आतला प्रश्न ऐकू येऊ नये म्हणून केलेला हा गलबला आहे.

दुसऱ्या अंकात आल्फ्रेदोचे वडील येतात आणि ताना नाहीशा होतात. मुलीचे लग्न तुमच्यामुळे अडले आहे, असे ते सांगतात. ती त्यांची मागणी मान्य करते तो क्षण या ऑपेराचा कणा आहे, आणि तिथे व्हेर्दीने तिला अगदी साधी, लहान, सरळ ओळ दिली आहे. तिथे प्रतिष्ठित गृहस्थापेक्षा ती कितीतरी मोठी होते. नंतर काहीच न कळलेल्या आल्फ्रेदोचा निरोप घेताना जेमतेम मिनिटभर सगळा वाद्यवृंद तिच्या मागे उसळतो. ही चाल आपण पडदा उघडण्याआधीच्या वादनात ऐकलेली असते. आधी मरणाचे सूर आणि मग प्रेमाचे, असा त्या वादनाचा क्रम आहे. शेवट व्हेर्दीने सुरुवातीलाच सांगून टाकला आहे.

तिसऱ्या अंकात बाहेर कार्निव्हलचा जल्लोष आणि आत अंथरूण. आल्फ्रेदोला सत्य सांगितल्याचे त्याच्या वडिलांचे पत्र ती काढते आणि वाचते. ती ते गात नाही, बोलते. मागे व्हायोलिनांवर हलकेच आल्फ्रेदोची पहिल्या अंकातली चाल वाजत असते. दोन अंकांहून अधिक काळ गाणेच ऐकलेल्या कानांना हे साधे बोलणे असह्य होते. संगीतकाराने गायिकेचे गाणे काढून घ्यायला मोठे धैर्य लागते.

ऑपेराच्या गायनाचे शास्त्रही इथे व्हेर्दीच्या बाजूने उभे राहते. हे गाणे परंपरेने मायक्रोफोनशिवाय होते. वाद्यवृंदाच्या आवाजाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो. तयारीचे पुरुष गायक आपल्या आवाजाची शक्ती सुमारे ३००० हर्ट्झपाशी एकवटतात, तिथे वाद्ये क्षीण असतात. सोप्रानो उंच स्वरांवर जबडा अधिक उघडून मुखाचा अनुनाद स्वराशी जुळवतात. त्यामुळे आवाज पोहोचतो, पण शब्दांतले स्वर एकमेकांत मिसळून जातात. म्हणजे पहिल्या अंकात व्हिओलेत्ताचे शब्द तिच्याच तानांत विरतात आणि पत्र वाचताना तिचा शब्द न् शब्द लख्ख ऐकू येतो.

ऐकायचे कसे?

प्रत्येक पिढीने ही बाई आपापल्या परीने उभी केली. १९५५ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात लुकिनो व्हिस्कोन्तीच्या दिग्दर्शनाखाली मारिया कॅलसने ती साकारली. त्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. २००५ मध्ये साल्झबर्गला विली डेकरने सगळा सरंजाम काढून टाकला आणि आना नेत्रेब्कोला एका प्रचंड घड्याळासमोर उभे केले. १९९६ च्या आगीत जळालेले ला फेनीचे पुन्हा उभारल्यावर, २००४ मध्ये तिथला पहिला ऑपेरा कोणता असावा, यावर फार विचार करावा लागला नसेल. पूर्वी जिथे तो पडला, तिथेच ‘ला त्राव्हियाता’ झाला.

नव्या श्रोत्याने सगळ्या ऑपेराला एकदम हात घालू नये. उपशीर्षके असलेले एखादे चित्रीकरण घ्यावे आणि तीनच जागा लागोपाठ ऐकाव्यात: पहिल्या अंकाचा शेवट, दुसऱ्या अंकातला वडिलांबरोबरचा प्रसंग आणि तिसऱ्या अंकातले पत्र. भाषा कळली नाही तरी एक माणूस तीन वेळा बदललेले कानाला कळते. समाजाने जिला नाव ठेवले, तिला व्हेर्दीने या ऑपेरातले सर्वांत उदात्त संगीत दिले आणि प्रतिष्ठितांना तिच्यासमोर उभे राहून ते ऐकायला लावले. ऑपेरा ही श्रीमंतांची करमणूक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी हे ऐकावे.