पाळीआधीचे दिवस आणि एक साधी वही

सहामाही परीक्षा जवळ आली की नववी-दहावीच्या मुली आमच्याकडे येऊन सांगू लागतात : डोके जड झाले आहे, उगीच रडू येते, पोट फुगल्यासारखे वाटते. काही जणी हिंदीतच 'मूड ऑफ है' म्हणून मोकळ्या होतात. आम्हां शिक्षिकांची त्यावर दोनच ठरावीक उत्तरे असत. 'परीक्षेची भीती आहे' किंवा 'पाळी जवळ आली असेल'. दोन्ही उत्तरे विचारपूस न करताच दिलेली, हे कबूल केले पाहिजे. घरी आई म्हणते, 'आमच्या वेळी असले काही नव्हते.' होते, बोलायची सोय नव्हती एवढेच.

पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि पाळीच्या तोंडावर झपाट्याने उतरते. या काळात अनेकींना चिडचिड, उदासपणा, छातीत जडपणा, अपुरी झोप, सारखे काहीतरी खावेसे वाटणे असा त्रास होतो. पाळी सुरू झाली की थोड्याच दिवसांत तो ओसरतो, ही त्याची मुख्य खूण. (पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओटीपोटात येणारी कळ निराळी. ती गर्भाशयाच्या आकुंचनाची.) १९५३ साली लंडनच्या डॉ. कॅथरिना डाल्टन आणि डॉ. रेमंड ग्रीन यांनी या त्रासाला 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव दिले. गंमत अशी, की त्रास होणाऱ्या स्त्रियांत संप्रेरकांचे प्रमाण सहसा इतरांसारखेच असते. त्या चढउताराला मेंदू देतो तो प्रतिसाद वेगळा असतो. म्हणून रक्त तपासून हा त्रास सापडत नाही.

आता ताणाचे काय? जागरण, धडधड, चिडचिड ही ताणाचीही लक्षणे आहेत. परीक्षा आणि पाळी एकाच आठवड्यात आल्या की दोन्ही एकमेकांत मिसळतात. शिवाय आपण काय अपेक्षा धरतो, यावरही काय जाणवते ते अवलंबून असते. १९७७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डायन रूबल यांनी विद्यापीठातील मुलींवर एक प्रयोग केला. साऱ्याजणी पाळीपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर होत्या. यंत्राने तपासल्याचे भासवून काहींना सांगितले, पाळी अगदी तोंडावर आहे. काहींना सांगितले, अजून अवकाश आहे. पहिल्या गटाने अंग दुखणे, अंगावर सूज येणे अशा तक्रारी जास्त नोंदवल्या. त्या मुली खोटे बोलत नव्हत्या. पण 'पाळीमुळेच' हे आधी ठरवून टाकले की दुसरे कारण शोधायचे राहून जाते.

म्हणून आमची सुचवण अगदी साधी आहे. एक वही करावी. रोज रात्री दोन मिनिटे काढून झोप किती झाली, मन कसे होते, काय दुखले, आणि त्या दिवशी परीक्षा, भांडण, प्रवास असे काही घडले का, ते लिहावे. पाळीची तारीखही टाकावी. सलग दोन महिने. आठवणीवर विसंबू नये, कारण आठवणीत वाईट दिवसच राहतात. डॉक्टरही निदानासाठी अशीच नोंद मागतात.

दोन महिन्यांनी वही उघडली की बरेच उलगडते. त्रास पाळीआधी गोळा झालेला दिसेल, नाहीतर चाचणी परीक्षांच्या मागोमाग. महिनाभर सारखाच थकवा असेल, तर तो पाळीच्या खात्यावर टाकू नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींत रक्तक्षय आढळला होता. मात्र जगणे नकोसे वाटते असे मुलगी म्हणाली, तर वही भरत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

आयांनी या दिवसांत मुलीला खेळाच्या तासातून सूट मागणारी चिठ्ठी सरसकट पाठवू नये. चालण्या-पळण्याने पुष्कळींना बरेच वाटते, तिलाच विचारावे. विश्वस्तांकडेही एक मागणे आहे : मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी, पाणी आणि झाकणाची बादली. विश्रांतीच्या खोलीतल्या खाटेवर स्नेहसंमेलनाचे पडदे ठेवले आहेत, तेही हलवावेत.

वही कोणाला दाखवायची की नाही, हे मुलीने ठरवावे. आम्ही ती मागणार नाही, घरच्यांनीही मागू नये.