मोटर चांगली, केबल खराब

सभासद बंधू-भगिनींनो,

एरवी या पानावर आम्ही बेणेप्रक्रिया, खोडवा आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. या वेळी थोडे स्वतःविषयी लिहीत आहोत. चूक आमच्या हातून झाली, ती तुमच्या घरात कुणाकडून होऊ नये, एवढाच हेतू.

नऊ वर्षांपूर्वी आमच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३५ वर आले, तेव्हा पेसमेकर बसवावा लागला. डाव्या खांद्याजवळ कातडीखाली डबी आणि तिच्यापासून शिरेवाटे हृदयात गेलेली तार. पुढे नोंदी, पाहणी, तोडणी सारे सुरळीत चालले.

गेल्या महिन्यात एका आडसाली प्लॉटमध्ये डाव्या हाताने पाचट बाजूला सारताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पित्त असेल म्हणून सोडून दिले. तीन आठवड्यांत चार वेळा तसेच झाले. शेवटी आमच्या चिटबॉयने मोटारसायकलची किल्लीच काढून घेतली, तेव्हा दवाखाना गाठला. लोकरी मावा दिसताच कळवा, असे तुम्हाला ओरडून सांगणारे आम्हीच!

तपासणीत बॅटरी ठणठणीत निघाली. तारेचा रोध मात्र ६०० ओहमवरून २,५०० च्या पुढे गेलेला. आतला धातूचा पीळ तुटत आलेला. हात हलला की जोड सुटायचा. विहिरीवर आपण पाहतोच की, मोटर चांगली असते आणि केबल दगा देते. तारेत दोन वाहक असतात. एक शाबूत असल्याने डबीची मांडणी बदलून तात्पुरती सोय झाली. पण तो काही कायमचा भरवसा नव्हे.

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, जुनी तार टोपण लावून आतच ठेवायची आणि शेजारून नवी घालायची. यात धोका कमी. पण शिरेत गर्दी होते आणि पुढे एमआरआयला अडचण येऊ शकते. दुसरी, जुनी काढून नवी बसवायची. नऊ वर्षांत तार शिरेला व हृदयाला चिकटलेली असते. ती सोडवताना फाटले तर जिवावर बेतते, म्हणून हृदयाची शस्त्रक्रिया करणारे पथक तयार लागते. तिसरी, तारेविना थेट हृदयात बसणारा कॅप्सूलएवढा पेसमेकर. तार नाही म्हणून तुटण्याची भीती नाही. मात्र खर्च बराच, आणि बॅटरी संपल्यावर तो बदलणे डबी बदलण्याइतके सोपे नाही.

आम्ही पहिल्या वाटेकडे झुकलो होतो. तेवढ्यात घरच्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, तार आणखी जुनी झाल्यावर काढणं सोपं जाईल का अवघड?” उत्तर आले, “अवघड.” आमचे वय ४७. पुढची वर्षे मोजली आणि तार काढायचे ठरवले. सत्तरीतल्या माणसाला कदाचित पहिलीच वाट बरी. सर्वांना एकच शिफारस लागू पडत नाही. जमीन पाहूनच खत द्यावे लागते.

स्वीडनमध्ये १९५८ साली पहिला पेसमेकर शरीरात बसवला, तो काही तासच चालला. त्या अर्ने लार्सन यांना पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलावी लागली. तरी ते २००१ पर्यंत, ८६ वर्षे जगले. भीती वाटली की आम्ही ते आठवतो.

येत्या सोमवारी आम्ही दाखल होत आहोत. तोडणीच्या तक्रारी तूर्त गट ऑफिसला द्याव्यात. आणि घरात कुणाला पेसमेकर असून चक्कर येत असेल, तर पित्तावर ढकलू नका. त्याच दिवशी तपासून घ्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी