सेवाग्राम : वस्तिरचना

महाराष्ट्र राज्याच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम या गावाची आणि त्याच्या आसमंतात १९३६ नंतर वाढलेल्या संस्थात्मक वस्त्यांची मांडणी. सेवाग्राम हे वर्ध्याच्या पूर्वेस सु. ८ किमी. व नागपूरपासून सु. ७५ किमी. अंतरावर आहे. महात्मा गांधींच्या वास्तव्यामुळे ते जगप्रसिद्ध झाले असले, तरी सेवाग्राम म्हणजे केवळ आश्रम नव्हे. मूळ गाव, आश्रम, नई तालीमचा परिसर आणि रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय यांची वसाहत अशा चार भिन्न वस्त्या येथे शेजारी-शेजारी नांदतात. प्रत्येकीचा उगम, बांधणी, रहिवासी आणि दिनक्रम वेगळा आहे. आदर्श खेडे कसे असावे, या एकाच प्रश्नातून त्यांपैकी तीन वस्त्या निर्माण झाल्या; चौथी, म्हणजे मूळ गाव, त्या प्रश्नाच्या कितीतरी आधीपासून तेथे होती.

पार्श्वभूमी : स्वराज्य मिळाल्याखेरीज साबरमती आश्रमात परतणार नाही, असा निश्चय करून गांधींनी १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रेस प्रारंभ केला. पुढे १९३३ मध्ये साबरमतीचा आश्रम विसर्जित करण्यात आला. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधी वर्ध्यास आले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालालजींनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे कार्य सुरू झाले. परंतु ग्रामोद्योगांचा पुरस्कार शहरात राहून करणे गांधींना अपुरे वाटू लागले. त्यांच्या शिष्या मीराबेन वर्ध्याजवळच्या खेड्यांत सफाईचे काम करीत होत्या. त्या ज्या सेगावात राहावयास गेल्या, तेथेच गांधींनीही राहण्याचे ठरविले. सेगावची मालगुजारी जमनालालजींकडे होती. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधी वर्ध्याहून पायी सेगावास गेले.

तेथे नवा आश्रम स्थापण्याचा त्यांचा हेतू नव्हता. खेड्यातील एक रहिवासी म्हणून, शक्य तर एकट्याने राहावे, अशी त्यांची इच्छा होती. प्रत्यक्षात सहकारी, रुग्ण, अभ्यागत आणि राजकीय कार्यकर्ते यांचा ओघ सुरू झाला व आश्रम आपोआप वाढत गेला. सेवाग्रामच्या पुढील रचनेतील बरेचसे प्रश्न या अनपेक्षित वाढीतून उद्भवले आहेत. विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात शेगाव हे प्रसिद्ध स्थान असल्याने सेगावची टपाले तिकडे जात. हा घोटाळा टाळण्यासाठी १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम असे करण्यात आले. या नावाचे रेल्वे स्थानक मात्र गावात नसून वर्धा शहराजवळ आहे.

आदर्श खेड्याची कल्पना : जानेवारी १९३७ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात गांधींनी आदर्श खेड्याचे वर्णन केले. पुरेसा उजेड व वारा असलेली घरे, पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याने केलेली बांधणी, घराभोवती भाजीपाल्यास व गुरांना पुरेल इतके अंगण, धूळरहित गल्ल्या, सर्वांना खुल्या असलेल्या विहिरी, उपासनास्थाने, सभेची सार्वजनिक जागा, गायरान, सहकारी दुग्धालय, उद्योगप्रधान शिक्षण देणाऱ्या शाळा आणि तंटे सोडविणारी पंचायत ही त्याची मुख्य अंगे होत. यांतील घर, शिक्षण व आरोग्य ही अंगे सेवाग्रामच्या स्वतंत्र वस्त्यांत आकारास आली. सर्वांना खुली विहीर, स्वच्छ गल्ली आणि पंचायत यांची कसोटी मात्र मूळ गावातच लागणार होती.

मूळ गाव : १९३६ मध्ये सेगावची लोकसंख्या सु. ६०० होती. तीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचे प्रमाण मोठे होते. गावाला पक्का रस्ता नव्हता, टपाल कचेरी नव्हती; हिवतापाचा उपद्रव होता आणि साप विपुल होते. सप्टेंबर १९३६ मध्ये गांधी स्वतः हिवतापाने आजारी पडले व त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात हलवावे लागले. वऱ्हाड-नागपूरकडील इतर खेड्यांप्रमाणे येथेही घरे मातीची, काळ्या जमिनीत कापूस व ज्वारी ही पिके आणि वस्ती जातवार विभागलेली होती.

गांधींनी ग्रामस्थांची सभा घेऊन आपला हेतू सांगितला. अस्पृश्यता आपण पाळीत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. गावच्या वृद्ध पाटलांनी त्यांचे स्वागत केले. परंतु अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यात आपणास साथ देता येणार नाही, असेही प्रांजळपणे सांगितले. या प्रसंगास वस्तिरचनेच्या दृष्टीने महत्त्व आहे. आश्रमात एका पंक्तीत बसणारी माणसे गावात वेगवेगळ्या विहिरींवर पाणी भरीत होती. आश्रम व गाव यांतील अंतर चालून जाण्याइतके थोडे असले, तरी ते ओलांडण्याचे काम आश्रमवासीयांना सर्वांत कठीण गेले.

आश्रम : गावाबाहेरील मोकळ्या जमिनीवर आश्रमाच्या कुट्या आहेत. स्थानिक साहित्य वापरावे, स्थानिक कारागिरांकडून काम करून घ्यावे व खर्च थोडा ठेवावा, या अटींवर त्या बांधण्यात आल्या. लाकूड व बांबू यांचा सांगाडा, मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, खाली उतरलेल्या पागोळ्या आणि ओसऱ्या ही त्यांची वैशिष्ट्ये होत. विदर्भातील कडक उन्हाळ्यात जाड मातीची भिंत खोली थंड ठेवते, तर उतरते छप्पर पावसापासून भिंतीचे रक्षण करते. भिंती व जमीन वेळोवेळी सारवावी लागते. त्यामुळे ही घरे टिकविणे हा रहिवाशांच्या नित्यश्रमाचाच भाग ठरतो.

‘आदि निवास’ ही सर्वांत जुनी वास्तू १९३६ मधील आहे. प्रारंभी गांधी, कस्तुरबा, सहकारी व पाहुणे हे सर्व जण तिच्या एकाच दालनात राहत. खान अब्दुल गफारखान यांचाही येथे मुक्काम होता. दालनाचा एक कोपरा एवढीच गांधींची खाजगी जागा होती. कस्तुरबांची त्यामुळे होणारी अडचण ध्यानात घेऊन जमनालालजींनी त्यांच्यासाठी ‘बा कुटी’ बांधविली. ‘बापू कुटी’ मूळची मीराबेन यांची. तिच्या भिंतींवर त्यांनी मातीच्या उठावात ताडवृक्ष, मोर, चरखा व ॐ ही चित्रे काढली. पुढे गांधी तेथे राहावयास गेले. तिला लागूनच आजाऱ्यांसाठी जागा ठेवलेली होती. जवळच्या कार्यालयात व्हाइसरॉयशी संपर्क साधण्यासाठी सरकारने दूरध्वनी बसविला होता. ‘आखरी निवास’ ही कुटी जमनालालजींनी स्वतःसाठी बांधली होती. येथील अखेरच्या काळात गांधी तीत राहिले आणि २५ ऑगस्ट १९४६ रोजी तेथूनच दिल्लीस गेले. ते सेवाग्रामला पुन्हा येऊ शकले नाहीत.

महादेवभाई देसाई व किशोरलाल मश्रूवाला यांच्या कुट्याही आश्रमात आहेत. संस्कृतज्ञ परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने पीडित होऊन १९३९ मध्ये येथे आले. त्यांच्यासाठी आश्रमाच्या आवारातच कुटी बांधण्यात आली आणि गांधी स्वतः त्यांची शुश्रूषा करीत. कुष्ठरोग्यास वस्तीबाहेर घालविण्याची तेव्हाची रूढी पाहता या कुटीचे स्थान हेच एक सामाजिक विधान होते. कुट्यांच्या मध्यभागी असलेल्या प्रार्थनाभूमीवर छप्पर नाही वा मूर्तीही नाही. तेथे सकाळ-सायंकाळ सर्वधर्मीय प्रार्थना होते. आश्रमाची व्यवस्था सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठान पाहते.

जानेवारी १९७८ मध्ये येथील एका परिषदेत विचारवंत इव्हान इलिच यांनी बापू कुटीवर भाषण केले. नुसता निवारा म्हणजे घर नव्हे आणि सोयींची भर पडल्याने घराचे मोल वाढतेच असे नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

नई तालीम परिसर : ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगावर आधारलेल्या मूलोद्योगी शिक्षणाचा विचार मांडला गेला. झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम तयार केला. १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला व आश्रमाच्या शेजारी त्याची वसाहत उभी राहिली. ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् हे दांपत्य तिचा आधारस्तंभ होते. या वस्तीत वर्ग, शेत, विणकामाची जागा, स्वयंपाकघर व वसतिगृह यांत भेद नव्हता. कापूस वेचणे, सूत कातणे, भाजीपाला पिकविणे आणि त्यांचा हिशेब ठेवणे यांतून गणित, भूगोल व विज्ञान शिकविले जाई. जानेवारी १९४५ च्या परिषदेनंतर पूर्व बुनियादी, बुनियादी, उत्तर बुनियादी व प्रौढ असे शिक्षणाचे टप्पे मानण्यात आले. संघ १९५९ मध्ये सर्व सेवा संघात विलीन झाला. पुढे येथील शाळा बंद पडली. ‘आनंद निकेतन’ या नावाने २००५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली असून मराठी माध्यमातून शिक्षण देते.

रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय : १९४४-४५ च्या सुमारास डॉ. सुशीला नायर यांनी स्त्रिया व मुले यांच्यासाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू केला. कस्तुरबांच्या नावे चाललेल्या या दवाखान्याचा विस्तार होत गेला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. ग्रामीण भागात काढलेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय होय. प्रथम वर्षाचे विद्यार्थी प्रारंभी आश्रमात राहतात आणि प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. आज रुग्णालयात नऊशेहून अधिक खाटा असून विदर्भाबरोबरच लगतच्या राज्यांतूनही रुग्ण येतात. काँक्रीटच्या इमारती, वसतिगृहे, कर्मचारी निवास व त्यांच्या आश्रयाने वाढलेला बाजार यांमुळे ही वस्ती इतर तिन्हींहून गजबजलेली आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचीही १९८३ मध्ये भर पडली.

भोवतालच्या वस्त्या : सेवाग्रामचे कार्य वर्ध्याच्या परिसरातील इतर केंद्रांशी निगडित होते. मगनवाडीतील मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन गांधींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केले. गोपुरी हे गोसेवेचे केंद्र, दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केलेला कुष्ठधाम आणि धाम नदीकाठी पवनार येथील विनोबांचा आश्रम ही अन्य महत्त्वाची ठिकाणे होत. पवनार येथे १९५९ मध्ये स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले. एकेका कार्याला एकेक जागा आणि सर्वांमध्ये पायी जाण्याइतके अंतर, अशी ही विकेंद्रित मांडणी होती.

मूल्यमापन : मार्च १९४८ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या रचनात्मक कार्यकर्त्यांच्या संमेलनात गांधींच्या पश्चात त्यांचे कार्य कसे चालवावे, याचा विचार झाला. त्यानंतर आश्रम हे प्रामुख्याने स्मारक बनले. जतन केलेली कुटी पाहावयास यात्रेकरू येतात. परंतु त्यांतील पुष्कळ जण मूळ गावात जात नाहीत. दुसरीकडे गावातील शेतकऱ्यांना कापसाच्या शेतीतील अनिश्चिततेस इतर विदर्भाप्रमाणेच तोंड द्यावे लागते व नव्या घरांत माती-कौलांची जागा विटा, सिमेंट व पत्रे यांनी घेतली आहे. २०२० मध्ये वर्धा–सेवाग्राम मार्गाच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा नागरिकांनी विरोध केला. जतन व विकास यांतील हा तणाव जुनाच आहे.

आखून वसविलेल्या नगरांत रचना आधी ठरते व माणसे मागाहून येतात. सेवाग्राममध्ये माणसे आधी आली आणि त्यांच्या गरजेनुसार एकेक कुटी, शाळा व दवाखाना निर्माण झाला. त्यामुळे येथील वस्त्यांना सलग आराखडा नाही. घर, शिक्षण व आरोग्य यांचे नमुने या भूमीवर सिद्ध झाले व त्यांचा प्रभाव देशभर पडला. मात्र हे नमुने ज्या खेड्यासाठी होते, त्याच्या दैनंदिन जीवनात ते कितपत उतरले, यावरूनच सेवाग्रामच्या प्रयोगाचे यशापयश मोजावे लागते.