फ्रीजरमधली शेंग रंग का सोडते?

चेन्नईत गच्चीवरच्या कुंड्यांमधली गवार-चवळी एकदम लागली, की उरलेली भाजी फ्रीजरमध्ये जाते. काही महिन्यांनी बाहेर काढलेली शेंग मात्र फिकी, मऊ आणि उग्र वासाची निघते. गोठवल्यावर जंतू वाढत नाहीत, मग बिघडलं काय?

शेंग तोडली तरी तिच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, काम करतच राहतात आणि रंग-वास बिघडवतात. उणे 18 अंशांवर त्यांचा वेग मंदावतो, थांबत नाही. शेंग उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवली की विकरं निकामी होतात; लगेच बर्फाच्या पाण्यात टाकली की शिजणं थांबतं. मऊपणाचं कारण वेगळं. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. सावकाश गोठलं तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली तडकावी तशा पेशी फाटतात. म्हणून शेंगा कोरड्या करून, ताटात सुट्या पसरून गोठवाव्यात.

फ्रीजरऐवजी बरणीत हवाबंद करणं जोखमीचं. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत आणि आंबट नसलेल्या, हवाबंद भाजीत वाढून विष तयार करतात. कारखान्यात त्यासाठी दाबाखाली सुमारे 121 अंश तापमान देतात. घरी हा उद्योग नकोच.

तमिळ घरांतलं सुंडक्काय वत्तल, म्हणजे मिठाच्या ताकात भिजवून वाळवलेली छोटी फळं, आणि आपली ताकातली मिरची जास्त भरवशाची. ताक आंबटपणा देतं, मीठ पाणी ओढून घेतं, उरलेलं पाणी ऊन उडवतं. पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. चेन्नईची हवा दमट, तेव्हा वत्तल कडकडीत वाळल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.