एक कळ, दोन अक्षरे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. समुद्रावरून खारा वारा सुटला की दारच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत सगळ्याला गंज धरतो, हे आम्हां डहाणूकरांना नवे नाही. चिकूच्या वाड्या ते मुकाट सोसतात. माझ्या लॅपटॉपला बहुधा सोसवले नाही. एका सकाळी कादंबरीचे अडलेले प्रकरण घेऊन बसलो, ‘तलासरी’ लिहायला गेलो, तर पडद्यावर उमटले ‘तासरी’. पुन्हा दाबले, पुन्हा ‘तासरी’.

ल ची कळ मेली होती. मी ज्या पद्धतीने लिहितो, तिच्यात ल इंग्रजी एन च्या कळीवर बसतो आणि तीच कळ शिफ्ट धरून दाबली की ळ होतो. म्हणजे एकीबरोबर दोन गेली. वेळ, काळ, बाळ, फळ, तळमळ सगळे संपले. पण खरा घाव पुढे होता. ‘आला’, ‘गेली’, ‘म्हणाले’ यांपैकी काहीच लिहिता येईना. मराठीचा सारा भूतकाळ ल वर उभा आहे, हे व्याकरण शाळेत घोकले होते. ते असे अंगावर येईल असे वाटले नव्हते. कादंबरीकाराने भूतकाळावाचून लिहायचे तरी काय?

दुरुस्तीवाल्याने यंत्र उलटसुलट करून पाहिले. या जातीच्या लॅपटॉपला नुसता कळफलक बदलता येत नाही, वरचे अख्खे झाकणच घालावे लागते, असे सांगून त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून माझ्यातला कर्ज-अधिकारी जागा झाला. अर्ज नामंजूर!

त्याच सुमारास कादंबरीच्या कामासाठी तलासरीला जाणे झाले. १९९० च्या आसपास मी तिथल्या शाखेत अधिकारी होतो. आता महामार्गालगत दुकानांची रांग आहे. त्यातल्या एका सेवा केंद्रात दाखल्यांचे अर्ज टंकणारी एक वारली मुलगी होती. तिच्या बोटांचा वेग पाहून मी माझे दुखणे सांगितले.

“काका, तुमच्या ल च्या बटणावर ल लिहिलाय का?”

“नाही गं. इंग्रजी एन आहे.”

“मग ल बटणात नाहीच. तो कॉम्प्युटरमध्ये आहे. कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड लावा, चालतो.”

मी चमकलो. चाळीस वर्षे मी अक्षर आणि कळ एकच समजत आलो होतो, कारण मी शिकलो टाइपरायटरवर. तिथे कळ म्हणजे खरोखरच शिशाचा नसला तरी धातूचा खिळा. अर्धे अक्षर मारायचे, मग काना. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. संगणकाचा कळफलक मात्र मुका असतो. तो फक्त ‘अमुक जागेची कळ दाबली’ एवढा क्रमांक पाठवतो. त्याचा ल करायचा की एन, हे आतली प्रणाली ठरवते. आमच्या बँकेतल्या पितळी टोकनासारखेच हे. टोकनावर नुसता आकडा, माणसाचे नाव खातेवहीत.

ती मुलगी ‘इन्स्क्रिप्ट’ने टंकत होती. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही मांडणी प्रमाण केली, आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकातही आली. डावीकडे बहुतेक स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजने. क वर शिफ्ट दाबली की ख, त वर दाबली की थ. आणि गंमत अशी की गुजरातीतही क त्याच कळीवर. अच्छाडचा नाका ओलांडला म्हणून बोटांना काही नवे शिकावे लागत नाही. मीही निवृत्तीनंतर हीच मांडणी शिकलो. पहिली वेलांटी अक्षरानंतर मारायची, हे बोटांना पटवायला दोन महिने गेले.

मग एका अनोळखी कंपनीचा, वायरीचा कळफलक आणला. वायरीचाच, कारण ब्लूटूथचे काही कळफलक यंत्र पुरते जागे होईपर्यंत ओळखच देत नाहीत. मुलाचा जुना मॉनिटर माळ्यावर होता, तोही जोडला. याने मानेचा प्रश्न अचानक सुटू लागला. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळा यांचे लग्न लागलेले असते. हात सुखात ठेवावे तर मान वाकते, पडदा डोळ्यांपुढे उचलावा तर खांदे चढतात. दोघांना वेगळे केले की पडद्याची वरची कड नजरेच्या पातळीत, हातभर अंतरावर, कोपर काटकोनात. मानेतली दुसरी कळ महिनाभरात निम्म्यावर आली. लॅपटॉप झाकण मिटून बाजूला पडून राहतो. झाकण मिटले तरी झोपू नकोस, एवढे सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला बजावावे लागते. परक्या फलकाचा जाच एकच झाला. जुन्यावर कोपऱ्यात एफ-एन ची कळ होती, नव्यावर तिथे कंट्रोल. आठवडाभर मी भलतेच काही करत होतो.

पण तलासरीचे एक दृश्य डोक्यातून जाईना. ती मुलगी छापण्याआधी प्रत्येक अर्जदाराला त्याचे नाव मोठ्याने वाचून दाखवी. “बरोबर ना आजी?” म्हणून विचारी.

माझ्या काउंटरवर एक वारली म्हातारी आली होती, पाड्यावरून चालत, दिवसाची मजुरी बुडवून. तिच्या दाखल्यावर नावात ल टंकलेला होता, आमच्या अर्जावर ळ होता. मी दुरुस्ती करून आणायला सांगितले. नियम तसाच होता, आणि मला दुपारचा हिशेब जुळवायचा होता. तिने अंगठ्याची शाई पदराला पुसली आणि निघून गेली. ती परत आली की नाही, हे मी पाहिले नाही. ल आणि ळ एकाच कळीवर आहेत हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर शिफ्ट दाबायची कुणाची तरी राहिली असेल, असे निदान मनात आले असते. कदाचित तरीही परत पाठवले असते. अडलेले प्रकरण तिचेच आहे.

परवा रात्री ते लिहीत होतो. वीज गेली, मॉनिटर काळा झाला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, आणि मी तिच्या नावाच्या मध्यावर होतो. अंधारातच शिफ्ट धरली, कळ दाबली, नाव पुरे केले. मग चाचपडत झाकण उघडले आणि ते नाव स्वतःशीच मोठ्याने वाचले. ळ होता.