रिकॉल आलाय, पण फोन कुणाला गेलाय?

'कंपनीनं गाड्या परत मागवल्या' अशी बातमी आली, की प्रत्येक ऑफिसात दोन प्रकारची माणसं दिसतात. पहिला म्हणतो, 'बघ, म्हणूनच मी ती गाडी घेतली नाही!' दुसऱ्याकडे नेमकी तीच गाडी असते. तो बिचारा गुपचूप चहा पीत बसतो. माझं म्हणाल तर यात मिरवण्यासारखंही काही नाही आणि लाजण्यासारखंही. कंपनीला दोष सापडला, तिनं तो मान्य केला आणि फुकटात दुरुस्त करून देतेय, बस्स. गाडी कायमची परत वगैरे काही जात नाही. प्रश्न वेगळाच आहे. ही बातमी तुमच्यापर्यंत पोचणार कशी?

टाकीतला छोटा व्हिलन

हल्लीच्या पेट्रोल गाड्यांचा फ्युएल पंप टाकीतच बसवलेला असतो. त्यात एक छोटी मोटर आणि तिच्यावर फिरणारं चक्र, म्हणजे इम्पेलर. हे चक्र फुगलं किंवा वाकडं झालं, की आत घासायला लागतं, पंप अडकतो आणि इंजिनाचा पेट्रोल सप्लाय बंद! गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये असेल तर फार फार तर ऑफिसला लेट मार्क. पण एक्स्प्रेस वेवर, मागे ट्रेलर असताना असं झालं तर?

हे काही क्वचित घडणारं नाही. फेब्रुवारी २०१०मध्ये मारुती सुझुकीनं १ लाख ए-स्टार बोलावल्या, पेट्रोल गळण्याच्या शक्यतेमुळे. जुलै २०२०मध्ये वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या, कारण फ्युएल पंप. मार्च २०२४मध्ये याच दोन मॉडेल्सच्या आणखी १६,०४१. ऑक्टोबर २०२४मध्ये होंडानं ९०,४६८ जुन्या गाड्यांचा रिकॉल काढला, तोही इम्पेलरपायी. त्यातल्या बहुतेक गाड्या २०१७-१८मध्ये बनलेल्या. म्हणजे रिकॉल यायला सहा-सात वर्षं गेली. तेवढ्यात किती गाड्यांचे मालक बदलले असतील, विचार करा!

काका, तुमचं पत्र आलंय

कंपनी फोन करते तो तिच्या रेकॉर्डवरच्या नंबरवर. आणि आपली पिढी कशी? पहिली गाडी सेकंडहँड, भाड्याचं घर दर दोन वर्षांनी नवीन, सर्व्हिसिंग नाक्यावरच्या ओळखीच्या गॅरेजात. माझंच घ्या. माझी गाडी नाशिकच्या एका काकांकडून घेतलेली. व्यवहार होऊन वर्ष झालं आणि त्यांचा फोन आला, 'अहो, तुमच्या गाडीचं पत्र माझ्याकडे आलंय. पंप बदलायचाय म्हणे.' मी सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर सांगितला, पंप बदलून मिळाला, बिल शून्य. काका सज्जन निघाले म्हणून हे जमलं. गाडी दोन डीलर्सच्या हातून फिरून आली असती, तर ते पत्र थेट रद्दीत गेलं असतं आणि मी तोच पंप घेऊन दर वीकेंडला घाट चढत राहिलो असतो.

वाहन कंपन्यांच्या 'सियाम' या संघटनेनं स्वेच्छेनं रिकॉल करण्याची पद्धत २०१२मध्ये सुरू केली. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल २०२१पासून त्याला सक्तीची जोड मिळाली. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबद्दल ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या, तर सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकतं, एक कोटीपर्यंत दंडही करू शकतं. त्यामुळे 'आपल्या एकट्याच्या तक्रारीनं काय होणार?' हा डायलॉग आता बाद!

एवढं कराच...

* आरसीवरचा चॅसी नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा. वर्षातून दोनदा तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.

* सेकंडहँड गाडी घेतली, की आरसी नावावर करतानाच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही नवा मोबाइल नंबर आणि पत्ता द्या.

* स्टार्टर बराच वेळ मारावा लागणं, ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडीनं झटके देणं, मागच्या सीटखालून घुंई आवाज येणं... ही लक्षणं अंगावर काढू नका.

* पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी स्टार्टच करू नका. सर्व्हिस सेंटरची माणसं बोलवा.

* चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं, तर हॅझार्ड लाइट लावा आणि गाडी डावीकडे घ्या. ब्रेक पुन:पुन्हा मारू नका, एकदाच घट्ट दाबून धरा, कारण दोन-तीन वेळा मारल्यावर तो जड होतो. स्टिअरिंगही जड होऊ शकतं. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली मात्र काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल.

* आणि शेजारच्या क्युबिकलमध्ये कुणी सेकंडहँड गाडीवाला असेल, तर वाचून झाल्यावर हा अंक त्याच्या टेबलावर ठेवा. त्याचं पत्रही कदाचित कुठल्यातरी काकांकडे पडलं असेल!